क्रोशाचं खेळणं दर वेळी वाकडं का होतं? थांबत-थांबत विणणाऱ्यांसाठी तपासणी

एक ससा सलग दोन तास बसून विणलेला. दुसरा शाळेच्या फाटकाबाहेर दहा मिनिटं, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत सिटीलिंक बसच्या खिडकीपाशी अर्धा तास, असा विणलेला. नमुना तोच, लोकर तीच, हातही तोच. तरी दुसऱ्याचं डोकं एका कानाकडे कलतं आणि त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड होतो. नवशिक्यांचंच असं होतं असं नाही. उत्तम रुमाल आणि तोरणं विणणाऱ्या हातांकडूनही खेळण्यात हेच होतं, कारण बिघाड बहुतेक वेळा विणताना होत नाही. विणकाम खाली ठेवताना आणि पुन्हा उचलताना होतो.

म्हणून इथली तपासणी स्वस्तापासून महागाकडे जाते. आधी नुसतं बघायचं आणि मोजायचं, मग सेफ्टी पिन आणि दोरा, मग सुई बदलायची. उसवणं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- सरळ, म्हणजे वाढ-घट नसलेल्या फेऱ्यांत ३६ टाके असायला हवेत, पण ३५, ३४, ३३ असे उतरत जातात. किंवा ३७, ३८ असे चढतात.
- गोळा एका बाजूला आत ओढल्यासारखा दिसतो.
- डोकं गोल न होता षटकोनी होतं.
- टाक्यांमधून आतलं भरण पांढरं दिसतं.
- दोन पाय किंवा दोन कान मापाला जुळत नाहीत.
- मान डुगडुगते.
- सुरुवातीचं मधलं भोक महिन्याभरात उघडतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तर घाबरू नका. मूळ अनेकदा एकच असतं.

शब्दांचं आधीच ठरवून घेऊ. खेळणी जवळपास पूर्ण मुक्या खांबात विणतात. अमेरिकन नमुन्यात याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात त्याच टाक्याला डबल क्रोशे. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला तर टाका दुप्पट उंच येतो आणि पहिल्या फेरीपासूनच भोकं दिसतात. खेळणं सुरुवातीलाच जाळीदार होत असेल तर पुढचं काही तपासण्याआधी नमुन्याच्या पहिल्या पानावर हे बघा. वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब, घट म्हणजे दोन टाक्यांचा एक.

पहिली तपासणी: नुसतं मोजा (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

काठावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी जोडी दिसते, ती एक टाका. सुईवरचा फास मोजायचा नाही. तो मोजला की कायम एक जास्त येतो आणि मग नसलेली चूक दुरुस्त करण्याच्या नादात खरी चूक होते.

गोल भागाचं गणित सहाच्या पाढ्यावर चालतं. मॅजिक रिंगमध्ये (सुरुवातीचा, ओढून बंद होणारा फास) ६, मग १२, १८, २४, ३०, ३६. म्हणजे सहाव्या फेरीअखेर ३६. त्यानंतर सहा सरळ फेऱ्या आणि उतरताना ३०, २४, १८, १२, ६. असा अख्खा गोळा ४३२ टाक्यांचा होतो. वाढीच्या किंवा घटीच्या फेरीनंतरचा आकडा ६ ने भागला जात नसेल तर त्याच फेरीत काहीतरी निसटलं आहे, मागे शोधत बसू नका. वाढ दर फेरीत सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी मधल्या साध्या टाक्यांची संख्या एकाने वाढते. चौथ्या फेरीत दोन साधे, एक वाढ. पाचवीत तीन साधे, एक वाढ. हे डोक्यात असलं की मोबाईल उघडावा लागत नाही, आणि मोबाईल उघडला की निम्मा रिकामा वेळ तिथेच जातो.

एकच टाका कमी किंवा जास्त असेल तर उसवू नका. कमी असेल तर पुढच्या फेरीत पाठीच्या बाजूला एक वाढ घाला, जास्त असेल तर एक घट. पोटावर ते कुणाला दिसत नाही. चेहरा, कान आणि पाय यांना मात्र ही सूट नाही. बारा टाक्यांच्या पायात एक टाका म्हणजे बाराव्या हिश्शाचा फरक, तो डोळ्याला दिसतोच.

दुसरी: सुलट बाजू बाहेर आहे का?

सुलट बाजूला व्ही दिसतात, उलट बाजूला आडव्या गाठींसारख्या रेघा. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत वाटी आपोआप वळते आणि बऱ्याचदा उलट बाजू बाहेर घेऊन वळते. त्याच वेळी अंगठ्याने ती पलटा. विणताना वाटीची बाहेरची बाजू तुमच्याकडे असली पाहिजे आणि सुई जवळच्या काठावर चालली पाहिजे. वाटीच्या आत बघत पलीकडच्या काठावर विणत असाल तर ती उलटी आहे.

थांबत-थांबत विणणाऱ्यांचा एक खास घोटाळा इथे होतो. पिशवीतून काढलेली वाटी कधीकधी पलटलेली निघते आणि विणणारा उलट दिशेने सुरू होतो. मग अर्धं डोकं व्हीचं आणि अर्धं रेघांचं. मध्येच असा पट्टा दिसला तर तुम्ही तिथे थांबला होतात, एवढं नक्की.

तिसरी: खूण (एक सेफ्टी पिन, हातभर शिवणाचा दोरा)

खेळणं गोगलगायीच्या शंखासारखं गोल-गोल चढतं, फेरी जोडली जात नाही. त्यामुळे फेरी कुठे संपली हे डोळ्याला कळत नाही, आणि दर फेरीला एक टाका कमी होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच: खुणेच्या अलीकडचा शेवटचा टाका पिनेखाली दबतो आणि सुटतो. पिन फेरीच्या पहिल्या टाक्यात लावा. फेरी संपली की काढा, नव्या फेरीचा पहिला टाका घाला आणि त्यातच पुन्हा अडकवा. आधी लावून मग विणायचं नाही. पिन गोल डोक्याची, बंद होणारी हवी. उघडी पिन लोकरीचे धागे फाडते, आणि घरात रांगतं मूल असेल तर ती नकोच.

सेफ्टी पिनेपेक्षा भरवशाची खूण म्हणजे दोरा. लोकरीपेक्षा वेगळ्या रंगाचा शिवणाचा गुळगुळीत दोरा घ्या. फेरी संपली की तो शेवटच्या आणि पहिल्या टाक्याच्या मधून पुढे टाका, पुढच्या फेरीला मागे. दोरा कापडात राहतो आणि शेवटी ओढून काढता येतो. खुणेला लोकरच वापरली तर तिचे तंतू मागे राहतात आणि पांढऱ्या सशावर लाल रोवे दिसतात.

या दोऱ्याचा खरा उपयोग मूल सुई ओढतं तेव्हा कळतो. तीन फेऱ्या सुटल्या तरी दोरा मोजून आपण नेमक्या कितव्या फेरीवर आहोत ते सांगतो. अशा वेळी सुटलेली लोकर ओढू नका. आधी पिन, हेअरपिन, जे हाताशी असेल ते शेवटच्या शाबूत फासात घाला आणि मग मोजा.

एक सूचना: मुका खांब किंचित तिरका बसतो, त्यामुळे खुणांची रेघ वर चढताना कलते. उजव्या हाताने विणणाऱ्यांची उजवीकडे, डावखुऱ्यांची डावीकडे. ही चूक नाही. पण त्या रेघेवर डोळे मोजून हात शिवले तर ते एका बाजूला सरकतात. डोळे, कान, हात-पाय टाचण्या लावून समोरून बघून ठरवा. रेघेवर विश्वास ठेवू नका.

चौथी: तुम्ही थांबता कुठे?

वरचं सगळं बरोबर असूनही खेळणं वाकडं होत असेल तर कारण बहुधा इथेच सापडेल.

सावकाश हाताने मिनिटाला बारा मुके खांब पडतात असं धरलं तर ३६ टाक्यांची फेरी तीन मिनिटांची. म्हणजे क्लासबाहेरच्या पंधरा मिनिटांत मोजणीसकट चार फेऱ्या आरामात होतात. पाचवी सुरू करायची नाही. अर्धवट फेरी म्हणजे पुढच्या वेळी आठवायची एक गोष्ट जास्त, आणि ती आठवत नाही. वाढीच्या फेरीत मध्येच उठलात तर शेवटची वाढ झाली होती की व्हायची होती, हा प्रश्न उरतो. बहुतेक जण ती पुन्हा घालतात. ३७ चा जन्म तिथे होतो.

उठावंच लागलं, म्हणजे दूध उतू चाललं आहे किंवा कुणी पडलं आहे, तर तीन गोष्टी करा. सुईवरचा फास बोटभर लांब ओढा आणि त्यात दुसरी पिन अडकवा. सुई काढून घ्या. सुई तशीच सोडली तर ती निसटते आणि फासही जातो. तिसरं, आकडा लिहा. फेरीचा आणि टाक्याचा, ‘९ / २२’ एवढंच पुरे. बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलं तरी चालेल, पण कागद विणकामाच्याच डब्यात टाका.

डबा म्हणून अर्ध्या किलोच्या श्रीखंडाचा रिकामा डबा नामी आहे. ५० ग्रॅमचा गुंडा त्यात बसतो, झाकणाला एक गुळगुळीत भोक पाडलं की लोकर गुंतत नाही, आणि गुंडा बसच्या सीटखाली पळत नाही. भोकाची कड मेणबत्तीवर गरम केलेल्या खिळ्याने करा, कात्रीने केलेली कड लोकर खरवडते.

रोजच्या तुकड्यांना कामंही वाटून द्या. सरळ फेऱ्या गर्दीत, पाय आणि कान घरात, मॅजिक रिंग आणि चेहरा फक्त मूल झोपल्यावर. पंचवटी एक्सप्रेसमध्ये उभ्याने मॅजिक रिंग करायला जाणारे कसारा येईपर्यंत तीच उसवत बसतात.

पाचवी: सुई टाक्यात नेमकी कुठे जाते?

टाक्याच्या माथ्यावर दोन धागे असतात, पुढचा आणि मागचा. सुई दोन्हीखालून गेली पाहिजे. घाईत एकाच धाग्यात गेली की तिथे आडवी रेघ उमटते आणि कापड सैल पडतं. अंधुक उजेडात गडद लोकर विणताना हे हमखास होतं. काळी, गडद निळी, तपकिरी लोकर दिवसासाठी ठेवा.

दुसरं, लोकर उचलण्याची पद्धत. टाक्यातून सुई घातल्यावर लोकर सुईवरून घेतली तर माथ्याखाली व्ही दिसतो. सुई लोकरीच्या वरून नेऊन ती खालून ओढली तर फुली दिसते आणि टाका लहान, घट्ट होतो. दोन्ही पद्धती योग्यच आहेत. पण निवांत बसून एक आणि गडबडीत दुसरी असं झालं तर एका पायावर व्ही, दुसऱ्यावर फुल्या आणि दोघांची उंची वेगळी. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून नुसतं बघा, लगेच कळतं.

सहावी: सुई आणि हाताचा ताण

लोकरीच्या वेष्टनावरचा सुईचा आकडा स्वेटर-शालीसाठी असतो. खेळण्याला त्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर बारीक सुई घ्या. वेष्टनावर ४ मिमी असेल तर ३ किंवा ३.५. भरण बाहेर दिसण्याचा दोष निम्म्या वेळा एवढ्यानेच जातो. आजीच्या डब्यातल्या पोलादी सुया मात्र दोऱ्याच्या कामासाठी असतात, त्या लोकर फाडतात.

ताण तपासायला दोन चकत्या विणा, सहा फेऱ्यांच्या, ३६ टाक्यांच्या. एक रात्री घरी, एक बाहेर. सपाट ठेवून व्यास मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हात सुधारण्याच्या भानगडीत पडू नका. घट्ट विणलं जातं तिथे पाव किंवा अर्धा मिमी मोठी सुई वापरा. जोडीचे अवयव, म्हणजे दोन कान, दोन पाय, शक्यतो एकाच बैठकीत किंवा निदान एकाच जागी विणा. पहिला पाय जूनमध्ये आणि दुसरा दिवाळीत, असं झालं की माप जुळत नाहीच. एप्रिल-मेमध्ये घामट बोटांना लोकर चिकटते आणि टाके आपोआप घट्ट होतात. हात पुसायला रुमाल जवळ ठेवा.

षटकोनी डोक्याचा ताणाशी संबंध नाही. दर फेरीची वाढ आधीच्या वाढीवरच बसली की कोपरे तयार होतात. एक फेरी सोडून एक वाढ सरकवा: चौथ्या फेरीत एक साधा, एक वाढ, मग (दोन साधे, एक वाढ) पाच वेळा, शेवटी एक साधा. आकडा २४ च येतो, कोपरे मात्र जातात.

सातवी: घट आणि भरण

घटीपाशी भोक दिसत असेल तर घट बदला. दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घ्या, लोकर घेऊन दोन्हीतून एकदम ओढा, मग पुन्हा लोकर घेऊन उरलेल्या दोन फासांतून. घट दिसेनाशी होते.

भरणाला जुन्या उशीतला कापूस वापरण्याचा मोह होतो. तो टाळा. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि नाशिकच्या पावसाळ्यात आतून ओला राहिला की वास मारतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर घ्या. चिमूटभर घेऊन पिंजायचा आणि मग घालायचा. मूठभर एकदम कोंबला की गुठळ्या बाहेरून दिसतात. १८ टाके उरले असताना बहुतेक भरण झालं पाहिजे, १२ वर शेवटचं. भरण कमी असेल तरी खेळणं कलतं. त्यामुळे मोजणी बरोबर असूनही डोकं वाकडं असेल तर उसवण्याआधी आणखी थोडं फायबर घालून बघा.

मान डुगडुगते ती बहुतेक वेळा मानेचा घेर लहान असल्यामुळे. डोकं ३६ चं असेल तर मानेला १८ ते २४ टाके हवेत, १२ वर डोकं टिकत नाही. आधीच शिवून झालं असेल तर त्याच लोकरीने दोन फेऱ्या बाहेरून दुसरा शिवणवेढा घ्या. आत काडी किंवा तार घालू नका, ती एक दिवस बाहेर येतेच.

आठवी: उघडलेलं भोक, संपलेली लोकर

मॅजिक रिंगचं शेपूट वीतभर ठेवा. रिंगभोवती सुईने दोनदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने ओवा, मग कापा. आधीच उघडलं असेल तर नवा धागा घेऊन पहिल्या सहा टाक्यांतून फिरवा आणि ओढून गाठ आत घ्या. उसवायची गरज नाही.

वीतभर उंचीच्या खेळण्याला मुख्य रंगाची ५० ते ६० ग्रॅम लोकर लागते, म्हणजे ५० चा एक गुंडा नेमका शेवटच्या पायापाशी संपतो. दोन घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच आहे का बघा. नाशिकच्या मेन रोड-रविवार कारंजाच्या बाजूच्या दुकानात महिन्याभराने पुन्हा गेलात तर रंगाचं नाव तेच मिळेल, छटा मिळेलच असं नाही. वेगळ्या लॉटची लोकर तळपायाला किंवा कानाच्या आतल्या बाजूला वापरा.

शेवटची: उसवणं

तीनपेक्षा जास्त टाक्यांचा फरक, चेहऱ्यावरची चूक, किंवा मध्येच उलटी झालेली वाटी असेल तर उसवा. दोऱ्याच्या खुणेपर्यंत मोजून मागे या, चुकीच्या एक फेरी आधी थांबा आणि पुन्हा मोजा. फुलवट, केसाळ लोकर दोनदा उसवली की तुटायला लागते. तिसऱ्यांदा नवी लोकर घ्या.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा हातातून वस्तू सुटत असतील तर विणकाम बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुई बदलून किंवा मलम चोळून हे जात नाही. त्याआधीही वीस-पंचवीस मिनिटांनी हात सोडायची सवय ठेवा.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला प्लॅस्टिकचे डोळे, मणी, बटणं लावू नका. डोळे धाग्याने भरा. डोळा सुटून मुलाने गिळला असा संशय असेल तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा. श्वास अडकत असेल तर १०८ लावा.

आणि वरच्या आठही तपासण्या करूनही आकडा दर फेरीला चुकत असेल, तर एकट्याने तिसऱ्यांदा उसवू नका, विणकाम शिकवणाऱ्या बाईंकडे जा. कुठे शिकवतात ते लोकरीच्या दुकानात विचारलं की बहुधा कळतं. जाताना तुकडा सुईसकट, आहे त्या अवस्थेत न्या, सोबत नमुना आणि लोकरीचं वेष्टन. त्यांच्यासमोर एक फेरी विणून दाखवा. चूक हातात असते, ती झालेल्या तुकड्यापेक्षा चालत्या हातात पटकन दिसते.